जन्मनावाचा रकाना

कुवेतमध्ये महबूलाहून मीना अब्दुल्लाकडे जाणारी आमची बस मोठा रस्ता सोडून आत वळते, तिथं डाव्या हाताला एक सखल, ओसाड पट्टा लागतो. हिवाळ्यात चार थेंब पडून गेले की त्यात पाणी साचतं, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांच्या उन्हात ते आटून जमिनीवर पांढरी पापडी धरते. बसच्या काचा बंद असतात, पण उतरून गेटपर्यंत चालायचं जे अंतर आहे, तेवढ्यात तो वास नाकात शिरतोच. खारा, ओलसर, किंचित कुजका. रिफायनरीच्या वासातूनही मला तो वेगळा ओळखता येतो. बरोबरची माणसं नाकाला रुमाल लावतात. मी लावत नाही. माझ्या घरचा वास आहे तो.

आमचं घर मिठागरावर पोसलं गेलं, असं मी लिहिते तेव्हा ते वाक्य जरा बरं दिसतं. खरं सांगायचं तर मिठागरानंच आमच्या घराला खाल्लं. पेण-उरणच्या खाडीपट्ट्यात आजोबा, आजी आणि नंतर बाबा, आई अशी सगळी दुसऱ्यांच्या आगरात मीठ ओढायची. दिवाळीनंतर खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते उन्हात तापू द्यायचं, खाचराचा तळ पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा करायचा, आणि मीठ धरलं की लाकडी फावड्यानं ओढून त्याचे ढीग घालायचे. ढिगापासून बांधापर्यंत टोपल्या वाहायच्या त्या बायकांनी. ओल्या मिठाचं पाणी टोपलीतून गळून केसांत, मानेवर, पाठीवर उतरायचं. आजीच्या डोक्याच्या मधोमध रुपयाएवढा भाग केसांविना गुळगुळीत होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच आज्यांच्या डोक्यावर असा चंद्र असतो. संध्याकाळी ती चुलीपुढं बसून पायांच्या भेगांत गरम तेल सोडायची आणि ओठ आवळून भिंतीकडं बघत राहायची. पावसाळ्याचे चार महिने आगर बंद. त्या चार महिन्यांत आमच्या घरातली पेज दर आठवड्याला थोडी थोडी पातळ होत जायची, हे मला चवीसकट आठवतं.

आगरावरच्या मुकादमाकडं हजेरीची वही असायची. तीत पुरुषांची नावं होती, बायकांची नव्हती. आजोबांच्या नावाखाली जी ओळ होती, तिच्यात पुन्हा आजोबांचंच नाव आणि पुढं 'ची बाय'. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, त्यांनी ती वही कधीतरी मुकादमाच्या खांद्यावरून वाचली होती. ते मला हसत हसत सांगायचे, "तुझ्या आजीला कितीतरी वर्षं वाटायचं, आपलं नाव 'चीबाय' आहे. मुकादमानं तसा पुकारा केला की ही 'हाय हाय' म्हणून हात वर करायची." मीही हसायचे. त्या हसण्यात काही चुकतंय, हे समजायला मला चाळिशी ओलांडावी लागली, आणि परक्या देशात परक्या बाईचा हेवा करावा लागला.

तो हेवा काय होता, तेच मला लिहायचं आहे. शोभण्यासारखी गोष्ट नाही, पण झाली ती झाली.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.कॉम., सेकंड क्लास, एकाही विषयात न अडकता. हे मी कुणी विचारलं नसतानाही सांगते आणि त्याचं मला काही वाटत नाही. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून पदव्या आहेत, त्यांनी खुशाल मुरडावं नाक. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली आणि नवं नाव लिहायला सांगितलं, तेव्हा मी हळू पण स्पष्ट आवाजात म्हटलं होतं, "माझ्या सर्टिफिकेटवर जे नाव आहे, तेच लिहायचं. दुसरं लिहिलंत तर मी हाक ऐकणार नाही." सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. नवऱ्यानं मात्र मुकाट्यानं माझंच नाव तांदळात गिरवलं. तो अजून म्हणतो, की आयुष्यात आपण लिहिलेली ती एकमेव सही आहे जी बायकोनं आधी तपासून घेतली.

तो शुवैखच्या एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करतो आणि मी मीना अब्दुल्लाच्या एका कंत्राटदाराकडं डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. हे काम लोकांना कळत नाही, म्हणून सांगते. एखादा पाइप, एखादा व्हॉल्व्ह कुठं बसणार, याचा नकाशा निघतो. तो बदलतो, पुन्हा बदलतो. प्रत्येक बदलाला नवा क्रमांक. माझं काम एवढंच, की जुना नकाशा कुणाच्या हाती पडू द्यायचा नाही आणि तो फाडूही द्यायचा नाही. त्यावर 'रद्द'चा शिक्का मारून तो जपून ठेवायचा, कारण उद्या कुठं गळती लागली तर आधी काय होतं ते बघावं लागतं. वीस वर्षं मी हे करते आहे. कागदावर माझा देवाइतका विश्वास आहे. खरं तर थोडा जास्तच.

ती बाई आमच्याच इमारतीत, दोन मजले वर राहायची. मूळची हंगेरीची, साठीला टेकलेली, माझ्याच ऑफिसात वेल्डिंगच्या तपासणीचे अहवाल बघायला आलेली. नवरा नाही, मुलगा तिकडंच. आमचं बोलणं इंग्रजीत, म्हणजे दोघींच्याही परक्या भाषेत. त्यामुळं ती काय चुकते ते मला कळायचं नाही आणि मी काय चुकते ते तिला. मैत्रीला हे फार सोयीचं असतं. शुक्रवारी दुपारी ती माझ्याकडं यायची, सोलकढी मागून मागून प्यायची आणि दर वेळी त्या रंगाकडं संशयानं बघायची. पहिल्या वर्षी आम्ही हवामान, गुडघे आणि सुपरवायझर यांच्यावर बोललो. दुसऱ्या वर्षी एका शुक्रवारी, दार लावून घेतल्यावर, तिनं मला सांगितलं की तिची आजी ज्यू होती.

ती इथं हे कुणाशी बोलत नसे. मला सांगितलं, त्यालाही कारण होतं. तिला मदत हवी होती. महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी तिच्या आजीला गावातून उचलून आगगाडीत घातलं. तिची आई तेव्हा सहा वर्षांची. शेजारणीनं आपली म्हणून लपवून ठेवली, म्हणून ती वाचली. आजी परत आली नाही. कुठं गेली, किती जगली, काहीच माहीत नाही. आता नाझींच्या छावण्यांमधल्या कैद्यांची कार्डं, याद्या, बदलीचे कागद जर्मनीतल्या एका मोठ्या संग्रहानं इंटरनेटवर खुले केले आहेत. कोट्यवधी पानं. कुणीही बसावं आणि आपलं माणूस शोधावं. ती तीन वर्षं शोधत होती आणि सापडत नव्हतं. "तू दिवसभर कागदच शोधतेस," ती म्हणाली, "जरा बघ माझ्याबरोबर."

मी बसले. पहिल्यांदा कुतूहल म्हणून, मग सवयीनं. तिनं आजीचं लग्नाआधीचं नाव टाकून पाहिलं होतं, लग्नानंतरचं आडनाव टाकून पाहिलं होतं, स्पेलिंगं उलटसुलट करून पाहिली होती. मी तिला विचारलं, "तुझ्या आजीचं माहेरचं आडनाव तुला पक्कं माहीत कसं?" तिनं पर्समधून आपलं हंगेरीचं ओळखपत्र काढलं. तिच्या नावाखाली आणखी एक नाव छापलेलं होतं. "हे माझ्या आईचं जन्मनाव. आमच्याकडं सगळ्यांच्याच कागदांवर असतं. आईच्या कार्डावर तिच्या आईचं होतं."

मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ बघत राहिले. माझ्या पाकिटातला बताका, म्हणजे इथलं आमचं ओळखपत्र, मला तिथूनच बोचायला लागला. त्यावर माझं नाव, मग नवऱ्याचं, मग सासरचं आडनाव. त्याचा मला कधी राग आला नव्हता. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझ्या बाबांच्या आईचं जन्मनाव काय होतं? मला ठाऊक नव्हतं. सासरचं नाव लक्ष्मी. आमच्या आळीत तेव्हा चार लक्ष्म्या होत्या, कारण ताटात लिहायला ते सोपं आणि शुभ. पण लक्ष्मी होण्याआधी, परकर नेसून खाडीत खेकडे धरत हिंडणारी जी मुलगी होती, तिला कुणी काय म्हणून हाक मारायचं? आमच्या धंद्यात जुनी आवृत्ती जपतात. आमच्या घरात तांदूळ परातीत झटकून ते दुसऱ्या दिवशी शिजवलेही असतील.

हेवा इथं सुरू झाला. तेव्हा तो राईएवढा होता.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी मी तिला सहज विचारलं, "तुझी आजी सही करताना काय लिहायची?" ती हसली. म्हणाली, आमच्याकडं जुन्या पद्धतीत लग्न झाल्यावर बाईचं स्वतःचं नाव उरतच नाही. नवऱ्याचं पूर्ण नाव घ्यायचं आणि त्याला शेवटी 'ने' जोडायचा. झालं बाईचं नाव. आता मराठी माणसाला यातली गंमत कळेल. आपल्याकडं नावाला 'ने' लागला की माणूस वाक्याचा कर्ता होतो. तिकडं लागला की त्याची बायको होते. मी हसणार होते, पण तेवढ्यात मुकादमाची वही माझ्यापुढं उघडली. आजोबांचं नाव, पुढं 'ची बाय'. आजी हात वर करून 'हाय हाय' म्हणते आहे.

"तिनं नाव विचारल्यावर तेच सांगितलं असणार," मी म्हणाले. "नवऱ्याचं. आणि ज्यानं लिहून घेतलं त्याला हंगेरियन येत नसणार. त्यानं 'ने'सकट ते तिचं स्वतःचं नाव म्हणून लिहिलं असणार."

तिनं कीबोर्ड पुढं ओढला. मग तिनं आडनावाच्या जागी आडनाव आणि नावाच्या जागी आजोबांचं नाव 'ने' लावून टाकलं. चार नोंदी आल्या. तिसरी तिची होती.

ते कार्ड मी कधी विसरणार नाही. पिवळट, एका कोपऱ्याला भोक पाडलेलं. वर क्रमांक. नावाच्या ओळीत तो 'ने'वाला घोटाळा जसाच्या तसा. पण त्याच ओळीत पुढं, जरा वेगळ्या, बारीक आणि नीटस अक्षरात 'जन्मनाव' अशा अर्थाचं जर्मन संक्षेप आणि तिचं खरं नाव होतं. पहिलं, आडनाव, सगळं. खाली जन्मगाव. आईचं नाव. उंची. डोळे तपकिरी. दात, चार नाहीत. भाषा, हंगेरियन आणि थोडी जर्मन. धंदा, शिवणकाम. एक मूल. काढून घेतलेल्या वस्तूंमध्ये एक कोट, एक जोडी बूट, एक अंगठी. शेवटी दुसऱ्या छावणीत पाठवल्याची तारीख, आणि त्यापुढं काही नाही. ती म्हणाली, ही कार्डं पुष्कळदा कैद्यांकडूनच लिहून घेत. कुणीतरी कैदी बाई असेल, जिनं परत विचारलं असेल, की अगं, हे नवऱ्याचं झालं, तुझं नाव सांग. मग ती रडली. आवाज न करता, कार्डावरून, म्हणजे पडद्यावरून बोट फिरवत.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. शेजारधर्म म्हणून ठेवायचा तसा. आणि आत माझा जळफळाट चालला होता. हे वाचून तुम्ही मला काय म्हणाल, ते मी स्वतःला आधीच म्हणून घेतलं आहे. हिच्या आजीला गुरासारखं डब्यात कोंबून नेलं, आणि मी हिच्या सुखाचा हेवा करते आहे? पण हेवा विचारून येत नाही. दात किती नाहीत हेसुद्धा हिला माहीत! माझ्या आजीच्या मांडीवर मी दहा वर्षं झोपले आणि तिची जन्मतारीख मला सांगता येत नाही. हिनं आजीला कधी पाहिलं नाही, आणि हिच्याकडं पणजीचंसुद्धा नाव आहे. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मासे साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हणजे आता तुला छावणीतल्या कागदाचाही हेवा वाटायला लागला. कठीण आहे."

कठीण होतंच. मी दुसऱ्याच दिवशी गावाकडच्या चुलतभावाला फोन लावला. आजीच्या भावाच्या मधल्या नावावरून आजीच्या वडिलांचं नाव मला माहीत होतं, माहेरचं गावही माहीत होतं. त्याला म्हटलं, तालुक्याच्या कचेरीत कोतवालाची जुनी जन्ममृत्यूची पुस्तकं असतात, लोक जातीच्या दाखल्यासाठी त्यातले उतारे काढतात, तू आपल्या आजीचा काढ. त्यानं चार खेपा घातल्या, तिथल्या मोडी वाचणाऱ्या माणसाला चहा पाजला, आणि एका सकाळी मला मोबाइलवर पानाचा फोटो पाठवला. आजीच्या वडिलांची चार अपत्यं त्या पुस्तकात होती. तीन मुलगे, तिघांची नावं. चौथ्या ओळीत बापाचं नाव, जात, गाव, आणि नावाच्या रकान्यात एकच शब्द होता. मुलगी.

तो फोटो मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत पाहिला. समोर ती बसली होती. तिनं आजीच्या कार्डाची रंगीत प्रत काढून प्लास्टिकच्या पाकिटात घातली होती आणि ती मला दाखवत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "नशीबवान आहेस. निदान तुमच्याकडं त्यांनी लिहून तरी ठेवलं."

तिनं काटा ताटात ठेवला. "पुन्हा बोल."

मी डब्याचं झाकण लावलं.

"कोटाबरोबर आणि बुटांबरोबर लिहिलं तिला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "सामानाची यादी आहे ही. तुला हवी आहे? घे. बदल्यात मला तुझ्या आजीचं म्हातारपण दे."

"माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता."

"तसाच होता. माझ्याकडं कागद आहे, कारण विचारायला माणूस उरलं नाही. तुझी तर सगळी माणसं आहेत. तू कुणाला विचारलंस?"

"रजिस्टर मागवलं ना. हे बघ."

"रजिस्टर नाही. कुणाला विचारलंस?"

ती पाकीट उचलून निघून गेली. पुढचे दोन शुक्रवार ती आली नाही. बसमध्ये पुढं बसायची, मी मागं. केलेली सोलकढी मी एकटीनं प्यायले आणि ती मला आंबट लागली.

त्या दिवसांत मी पुष्कळ विचार केला. माझं काय होतं, तर हायस्कूलात गेल्यापासून मला आगराची लाज वाटायची. सुट्टीत घरी असले की आजीच्या माहेरचे लोक यायचे. गुडघ्याएवढं धोतर, मिठानं पांढरे पडलेले पाय. मी पुस्तक घेऊन आत जाऊन बसायचे. आजी वारली तेव्हा मी दहावीला होते, आणि पुढं त्या लोकांकडं जायचं कुणी काढलं नाही, मीही नाही. नावं विचारायची ती कचेरीत, असं मला माझ्या शिक्षणानं शिकवलं होतं का? शिक्षणाला उगीच कशाला दोष देऊ. शिक्षणाचा माज मी स्वतःच केला होता. आता आजीची माणसं मला हवी होती, तीही एका नावासाठी, कारण दुसरीला तिचं मिळालं होतं आणि मला नव्हतं.

बाबा गेले, पण त्यांची थोरली बहीण, माझी आत्या आहे. ऐंशीच्या पुढची, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. चुलतभावानं फोन तिच्या कानाला लावला.

"आत्या, आजीचं लग्नाआधीचं नाव काय गं?"

"कनाला गो? ती जाऊन तीस वर्सां झाली. आता तिला पत्र लिवतेस काय?"

"सांग ना."

"मना काय म्हाईत? सासरी लक्ष्मी, माहेरी गेली का सगली बाय बोलायची. आयचा नाव पोरांनी इचारायचा, अशी रीत व्हती काय आमची?" मग तीच पुढं म्हणाली, "मामाची पोर हाय अजून तिथं. तिला जाऊन इचार. जाऊन, समजली? फोन करू नको. तुजा फोन आला तर ती बोलल, ही कोन कुवेतची शेटाणी."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले. आजीचं माहेर आमच्या गावापासून रिक्षानं पाऊण तास, आणि मी तिथं तीस वर्षांनंतर जात होते. आगरं जवळजवळ संपली आहेत. खाचरं होती तिथं मातीचे भराव आणि कंटेनरच्या रांगा. गाव मात्र आपल्या जागी घट्ट बसलेलं. विचारत विचारत मी एका घरापुढं पोचले. अंगणात सत्तरीची एक बाई जाळीवर सुकट पसरत होती. मी माझी ओळख सांगितली, बाबांची सांगितली, आजीची सांगितली. ती कमरेवर हात ठेवून माझं सगळं ऐकत राहिली, वरपासून खालपर्यंत माझ्याकडं बघत, आणि मग म्हणाली, "एवरी वर्सां कुटं व्हतीस?"

मी खाली बसले आणि सुकटीतला कचरा वेचायला लागले. तिनं मला वेचू दिलं. जरा वेळानं आतून पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. मग मी विचारलं, "तुमच्या आत्याचं, म्हणजे माझ्या आजीचं, लग्नाच्या आधी नाव काय होतं?"

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "माजाच."

"म्हणजे?"

"म्हणजे माजाच नाव. हौशी." तिनं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "तिचा लगीन झाला, सासरच्यांनी नवा नाव दिला, जुना नाव हितंच रायला. मी जल्मली तवा बाबूस बोलला, बहिनीचा चांगला नाव हाय, वापराविना कनाला ठेवायचा? लावला मना."

मी विचारलं, हौशीच का. ती म्हणाली, पणजीला तीन मुलगे झाले, मुलगी होईना. देवीला नवस बोलले, मग ही झाली. हौसेची म्हणून हौशी. गावातल्या बायका दोन दिवस बघायला येत होत्या, असं तिचा बाप सांगायचा. कोतवालाच्या पुस्तकात ज्या ओळीत नुसतं 'मुलगी' लिहिलं होतं, तो शब्द मला आठवला. सांगणाऱ्यानं बारशाआधी, आनंदात, धावत जाऊन सांगितलं असेल. मुलगी! पुढं नाव घालायचं कुणाला सुचलं नसेल. खरं-खोटं मला माहीत नाही. पण त्या शब्दाचा माझा राग तिथं, त्या अंगणात उतरला.

हेवा मात्र उतरला नाही. तो त्या बाईकडं वळला. सत्तर वर्षं हे नाव ती अंगावरच्या लुगड्यासारखं वागवत होती. कालवणात टाकायला कैऱ्या मागायला शेजारची पोरगी हौशीआजी म्हणून हाक मारत आली, आणि ती 'हो' म्हणून उठली. माझ्या आजीला आयुष्याची पहिली काही वर्षंच मिळालेली हाक. ती हिला दिवसातून वीस वेळा मिळते, आणि हिला त्याचं काही अप्रूप नाही. निघताना तिनं मला सुकटीची पिशवी दिली आणि बजावलं, "आता वाट बगायला लावू नको."

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी मीच दोन मजले चढून गेले. हातात सुकट नव्हती, कारण तिला तो वास सोसत नाही. माफी मागायची असं ठरवलं होतं, आणि मागितलीही, वाईट इंग्रजीत. तिनं मला आत घेतलं. नाव सांगितलं तेव्हा तिनं अर्थ विचारला. मी म्हटलं, जिची वाट पाहिली होती ती. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, 'ह' तिला नीट जमला नाही. मग विचारलं, "ती गेली कधी? कशानं?"

मी सांगितलं. दहावीच्या परीक्षेचा तिसरा पेपर होता. मी घरी आले तेव्हा आई तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती, बाबा पायाशी, आत्या उशाशी. तिनं माझ्याकडं बघून 'पेपर कसा गेला' असं विचारायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. मी सांगत गेले, सांगण्याच्या भरात गावातला घाट, राख, सगळं सांगितलं, आणि मग मला तिचा चेहरा दिसला. तो मी लगेच ओळखला. कितीतरी महिने तो मी आरशात बघत होते. मी बोलणं थांबवलं आणि आम्ही दोघी खिडकीबाहेर, समुद्राच्या बाजूला बघत बसलो.

काळ सगळं घेऊन जातो असं लोक म्हणतात. मला तसं दिसत नाही. तो कुठं नाव ठेवतो आणि माणूस नेतो, कुठं माणूस ठेवतो आणि नाव नेतो. कुणाकडं काय ठेवलं, ते ज्याचं त्यानं जाऊन विचारावं लागतं. आणि शेजारणीच्या वाट्याला आलेल्याकडं बघून पोटात दुखायचं ते दुखतंच. माझं अजून दुखतं. तिचंही दुखत असावं.

सुट्टीहून आल्यावर मी आमच्या घराण्याचा एक तक्ता केला, माझ्या पद्धतीनं, क्रमांक आणि आवृत्ती घालून, आणि भावंडांना, भाचरांना पाठवला. त्यात प्रत्येक बाईच्या नावापुढं जन्मनावाचा रकाना आहे. सात रकाने अजून कोरे आहेत. एक नुकताच भरला आहे. माझ्या आजीचं नाव हौशी होतं.